भायखळा ते माटुंगा : गिरण्यांच्या गरजेतून जन्मलेल्या संस्थेची वाटचाल

गिरणीच्या रिंग खात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या विभागात, धागा तुटला की कामगाराला विचार करायला वेळ नसतो. एका हाताने चाती थोपवायची, बॉबिनवर गुरफटलेले टोक शोधायचे, ते कडीवरच्या इवल्याशा ट्रॅव्हलरमधून ओवून वर आणायचे, आणि पुढच्या रुळातून उतरणाऱ्या कापसाच्या मऊ पट्टीला अलगद टेकवून चाती सोडून द्यायची. सांधा बसला तर धागा पुन्हा धावू लागतो. नाही बसला तर कापूस रुळाला गुंडाळत जातो आणि शेजारचे धागेही तुटतात. जाणता हात हे सारे काही क्षणांत उरकतो. नवख्याला ते जमायला आठवडे लागतात.

हे कसब कोणी कोणाला शिकवायचे, कोणाच्या पैशाने, कोणत्या जागेत आणि कोणत्या भाषेत? आपल्या संस्थेचा, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूटचा, इतिहास म्हणजे मुंबईने या प्रश्नांना वेळोवेळी दिलेली उत्तरे. माटुंग्याच्या या आवारात आज संगणकाचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे वर्ग भरतात. पण संस्थेचा जन्म सुताच्या गुंत्यातून झाला. स्मरणिकेच्या निमित्ताने तो गुंता उलगडून पाहायला हवा.

यंत्रे आली, मास्तरही बोटीने आले

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिची यंत्रे फिरू लागली. पुढच्या तीस वर्षांत ताडदेव, भायखळा, परळ, लालबाग या भागांत धुराडी उभी राहत गेली. १८७५ मध्ये गिरणी मालकांनी आपली संघटना स्थापन केली. १८८५ च्या सुमारास शहरातल्या गिरण्यांची संख्या पन्नासच्या घरात पोचली होती.

यंत्रे येत होती लँकेशायरहून, आणि ती चालवून दाखवणारे मास्तरही तिथूनच येत. स्पिनिंग मास्तर, वीव्हिंग मास्तर आणि इंजिनिअर या जागांवर बहुतेक विलायती माणसे असत. त्यांचा पगार मोठा, शिवाय बोटीचे भाडे. पण मालकांना खरी चिंता वेगळीच होती. करार संपला की मास्तर परत जाई आणि त्याच्याबरोबर त्याचे ज्ञानही जाई. गिरणीच्या भिंती मुंबईच्या, कापूस वऱ्हाड-खानदेशचा, कामगार रत्नागिरी-साताऱ्याकडचे. आणि यंत्राचे मर्म मात्र परक्या माणसाच्या डोक्यात. अशा धंद्याला दुसऱ्याच्या भरवशावर जगावे लागते.

दुसऱ्या टोकाला कामगार होता. कोकणातून किंवा घाटावरून आलेला पोरगा गाववाल्याच्या ओळखीने खात्यात शिरे. काका किंवा थोरला भाऊ साच्यावर, म्हणजे मागावर, असेल, तर त्याच्या शेजारी उभे राहून बघत बघत शिके. त्याला कामावर घेणे आणि काढणे जॉबरच्या हाती असे. जॉबर स्वतःही असाच शिकलेला. कुठे काय बिघडले ते तो आवाजावरून ओळखे. पण ते का बिघडले, हे त्याला कोणी कधी सांगितलेले नसे. विलायती मास्तर आणि देशी जॉबर यांच्या मधली पायरी रिकामी होती.

ती पायरी बांधायचे प्रयत्न एकेकट्या गिरणीनेही केले. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली आणि पुढे शिकलेल्या तरुणांना उमेदवार म्हणून घेऊन खात्याखात्यांत तयार करण्याची पद्धत तिथे बसवली. पण एका गिरणीने शिकवलेला माणूस उद्या शेजारच्या गिरणीत जाऊ शकतो. म्हणून प्रत्येकाला शिकलेला माणूस हवा असतो, पण शिकवण्याचा खर्च मात्र दुसऱ्याने करावा असे वाटते. या कोंडीतून सुटायचे तर शिकवण्याची जागा सर्वांची असावी लागते, आणि ती जागा म्हणजे आपली संस्था.

१८८७ : तिघांची मोट

लॉर्ड रे १८८५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. तंत्रशिक्षणाबद्दल त्यांना मनापासून आस्था होती. त्याच्या थोडे आधी, १८८४ मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी हिंदुस्थान सोडला. लोकांना आपला वाटलेल्या या व्हाइसरॉयच्या स्मरणार्थ मुंबईकरांनी निधी जमवला आणि तो पुतळ्यावर खर्च न करता कापडविद्येच्या शाळेसाठी वापरायचे ठरवले. पुढे आपल्या संस्थेचा वस्त्रविभाग रिपन टेक्स्टाइल स्कूल या नावाने ओळखला गेला तो यामुळे. १८८७ हे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचे सुवर्णमहोत्सवी वर्ष. त्या वर्षी व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या नावाने संस्था स्थापन झाली.

नाव राणीचे असले, तरी संस्था उभी राहिली शहराच्या बळावर. प्रांतिक सरकार, मुंबईची नगरपालिका आणि गिरणी मालक संघ यांनी तिचा भार वाटून घेतला. विश्वस्त मंडळातही या तिघांचे प्रतिनिधी बसत. त्यामुळे गिरणीवाल्यांना काय हवे, शहराला काय हवे आणि सरकार कशाला मान्यता देणार, या तिन्ही गोष्टी एकाच टेबलावर बोलल्या जात. बॉम्बे डाइंगचे नौरोजी नसरवानजी वाडिया संस्थेच्या उभारणीत आघाडीवर होते. सर दिनशॉ माणेकजी पेटिट हे स्वतः गिरण्यांच्या धंद्यात मोठे झालेले. त्यांच्या औदार्यामुळे राणीच्या बागेसमोरची एल्फिन्स्टन कॉलेजची जुनी इमारत संस्थेला मिळाली. आज त्या इमारतीत मध्य रेल्वेचे रुग्णालय आहे. तिच्या कमानींखालून जाताना आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा थांबावे. आपले पहिले घर ते.

जागेची निवडही नेमकी होती. भायखळ्याहून गिरण्या हाकेच्या अंतरावर. सकाळी फळ्यावर काढलेली दातेरी चाकांची साखळी संध्याकाळी खात्यात फिरताना पाहता येई. १८८९ पर्यंत संस्थेचे काम रीतसर चालू झाले. पहिले प्राचार्य जे. पी. फिथियन. आरंभीचे मुख्य विषय दोन, यंत्र अभियांत्रिकी आणि वस्त्रनिर्मिती. पुढे विद्युत अभियांत्रिकी, प्लंबिंग व आरोग्य अभियांत्रिकी आणि उपयोजित रसायन यांची भर पडली. शहराला ज्या वेळी ज्या कारागिरीची गरज भासली, तसा अभ्यासक्रम वाढत गेला. वीज आली तसे विजेचे शिक्षण आले. नळ आणि गटारे वाढली तसे त्यांचे.

या शिक्षणाचे फळ आकड्यांत दिसते. १८९५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांतल्या वरच्या तांत्रिक जागांवर सुमारे ४२ टक्के युरोपीय होते. १९२५ मध्ये हे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवर आले. या बदलाला इतरही कारणे होती, पण आपल्या वर्गांतून निघालेल्या तरुणांचा त्यात मोठा वाटा आहे, हे अभिमानाने सांगता येते.

एक सहायक शिक्षक

याच भायखळ्याच्या इमारतीत लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांत्रिक रेखाटन शिकवत. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा हा मुलगा चित्रकार व्हायला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आला होता. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर त्याने रंगांची वाट सोडली आणि रेषांची धरली. यंत्राच्या चित्रात रंगाचे काम नसते. तिथे माप चुकता कामा नये.

लक्ष्मणरावांचे खरे शिक्षण इथल्या कार्यशाळेत झाले. शिकवण्याचे तास संपले की ते यंत्रांजवळ रमत, ती खोलून पाहत, जोडून पाहत. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना न देता एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावला जाऊन थोरले बंधू रामुअण्णा यांच्याबरोबर सायकलच्या दुकानात पूर्ण वेळ घातला. तिथून कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडीचा कारखाना.

संस्थेच्या इतिहासात ही गोष्ट सांगताना मान थोडी खाली जाते, आणि तरीही ती सांगायला हवी. आपल्या शिक्षकाला आपण ओळखले नाही, ही संस्थेची चूक होती. पण किर्लोस्करवाडीच्या निवडुंगाच्या माळावर जे घडले त्यात आपल्याला दुसरा धडाही सापडतो. तिथेही एक भागीदारी होती : संस्थानिकाची जमीन आणि पाठबळ, उद्योजकाचे ज्ञान, आणि आसपासच्या खेड्यांतली शेतकऱ्यांची पोरे. ती पोरे ओतकाम, कातकाम, जोडकाम कारखान्यातच शिकली. मुंबईत गिरण्या आधी आल्या आणि शाळा मागून आली. किर्लोस्करवाडीत कारखाना हीच शाळा होती. एकाच माणसाच्या आयुष्यात या दोन्ही वाटा भेटतात, आणि त्यातली पहिली आपल्या दारातून जाते.

दाराबाहेर राहिलेला

आता आपल्या सुरुवातीच्या काळातली मोठी उणीव. विश्वस्त मंडळात सरकार होते, नगरपालिका होती, मालक होते; कामगार नव्हता. वर्गाची भाषा इंग्रजी होती. इंग्रजी शाळेत न गेलेल्या जॉबरला आणि साचेवाल्याला त्या वर्गात जागाच नव्हती. ज्याच्या हातावर गिरणी चालत होती, त्याच्यासाठी आपल्या फीचा प्रश्न येण्याआधीच भाषा आड येत होती.

वेळही आड येत होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना एकत्र केले तेव्हा त्यांच्या मुख्य मागण्यांत आठवड्याची सुट्टी होती. प्रौढ पुरुष कामगाराच्या दिवसाला कायद्याने बारा तासांची मर्यादा घातली ती १९११ मध्ये. पहाटे भोंग्याला निघून रात्री खोलीवर परतणाऱ्या माणसाने शिकायचे कधी? तंत्रशिक्षणाचा प्रश्न कामाच्या तासांपासून वेगळा काढता येत नाही, हे लोखंड्यांच्या लढ्याने दाखवून दिले. ते आपल्या शाळेत कधी शिकवले गेले नाही.

शेजारच्या बडोद्यात वेगळा प्रयोग झाला. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले आणि रंगकाम, विणकाम, यंत्रकाम देशी भाषांतून शिकवण्याचा आग्रह धरला. मुंबईत हे काम वेगळ्या रूपाने समाजसेवकांनी उचलले. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि कामगार वस्तीत रात्रशाळा चालवल्या. दिवा लावून बाराखडी गिरवणारा साचेवाला आणि भायखळ्यात ड्रॉइंग बोर्डवर वाकलेला विद्यार्थी एकाच शहरात, एकाच धंद्यात होते. पण त्यांची गाठ पडायला आणखी बरीच वर्षे जावी लागली. ती जितकी लवकर पडती, तितके मुंबईचे हित झाले असते.

माटुंग्याचे आवार

१९२३ मध्ये संस्था माटुंग्याला आली. शहर उत्तरेकडे सरकत होते, दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जागांत रस्ते आखले जात होते. भायखळ्याची इमारत अपुरी पडू लागली होती. नव्या जागेत कार्यशाळांना प्रशस्त शेड मिळाल्या, आणि कापसाच्या गाठीपासून कापडापर्यंतची सगळी खाती विद्यार्थ्याला एकाच आवारात पाहता येऊ लागली.

माटुंग्याची खरी कमाई शेजाराची आहे. १९२४ मध्ये मध्यवर्ती कापूस समितीची तंत्रप्रयोगशाळा इथेच सुरू झाली. कोणत्या गावच्या कापसाचा तंतू किती लांब, किती बळकट, किती नंबरचे सूत देईल, हे तिथे मोजले जाई. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. त्याच्या सुरुवातीच्या विषयांत कापडाचे रसायन होते, आणि १९४३ मध्ये तोही माटुंग्याला आला. म्हणजे कापूस तपासणारा, सूत काढणारा आणि कापड रंगवणारा, हे तिघे पायी भेटता येईल इतक्या अंतरावर आले. पुढे वरळीला १९५० मध्ये सस्मिरा आणि घाटकोपरला १९५४ मध्ये बीटीआरए या संशोधन संस्था उद्योगाने सरकारच्या साहाय्याने उभारल्या. एका उद्योगाभोवती ज्ञानाची अशी वसाहत देशात फार थोड्या शहरांत झाली.

स्वातंत्र्यानंतर कामाचा आवाका बदलला. ठाणे-बेलापूर पट्टा, भांडुप-मुलुंड, पुढे पिंपरी-चिंचवड इथे यंत्रे, मोटारी, औषधे, विजेची उपकरणे बनू लागली. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवार कायदा झाला आणि कारखान्यात शिकवणे हे मालकाच्या मर्जीवर न राहता त्याचे कर्तव्य ठरले. संस्थेनेही दार थोडे रुंद केले. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी अर्धवेळ अभ्यासक्रम आले. संध्याकाळी लोकलमधून उतरून, हाताला अजून तेलाचा वास असलेला पदविकाधारक वर्गात येऊन बसे.

त्या वर्गांत शिकवणाऱ्या आम्हा सर्वांना एक गोष्ट ठाऊक आहे. दिवसाच्या मुलाला बेअरिंग गरम का होते हे समजावून सांगावे लागे. संध्याकाळच्या विद्यार्थ्याला ते समजावून सांगावे लागत नसे. त्याने त्या दुपारी ते हात लावून पाहिलेले असे. तो फक्त कारण मागायला आलेला असे. कारण मिळाले की त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडे, तो शिक्षकाच्या आयुष्यातला मोठा पगार. जॉबर आणि मास्तर यांच्या मधली जी पायरी १८८७ पासून बांधायची होती, ती आम्हाला त्या संध्याकाळच्या वर्गात बांधली जाताना दिसली.

भोंगे थांबले तेव्हा

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर मागे घेतला गेला नाही आणि असंख्य कामगार कामावर परतू शकले नाहीत. पुढच्या दोन दशकांत गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे आणि मॉल उभे राहिले.

आपल्या संस्थेसाठी हा केवळ शहराच्या इतिहासातला प्रसंग नव्हे. ज्या धंद्याने आपल्याला जन्म दिला, तो आपल्या डोळ्यांदेखत गेला. संस्था मात्र उरली, कारण तिने वेळेवर इतर विषय आपले केले होते. पण ज्या हातांनी आयुष्यभर धागे सांधले, त्यांना दुसरे कसब शिकवायला पुरेशी तयारी कोणाचीच नव्हती. सरकारची नाही, मालकांची नाही आणि आपलीही नाही. चाळिशीतल्या साचेवाल्यासाठी नवे कौशल्य देणारा वर्ग परळच्या दारात असता, तर कित्येक घरांची ओढाताण टळली असती. उद्योग भरभराटीत असताना माणूस घडवायला भागीदार सहज मिळतात. उद्योग कोसळताना त्याच माणसाला सावरायला जी भागीदारी टिकते, ती खरी.

नाव, स्वायत्तता आणि पुढची वाट

१९९७ मध्ये संस्थेचे नाव वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट झाले. आद्याक्षरे तीच राहिली. ज्यांच्या संस्कारांतून स्वराज्य उभे राहिले, त्या मातेचे नाव एका शिकवणाऱ्या घराला मिळाले, यात फार मोठे औचित्य आहे. २००४ मध्ये संस्था स्वायत्त झाली. अभ्यासक्रम बदलण्यासाठी आता कोणाची वाट पाहावी लागत नाही. म्हणून तो न बदलल्यास दोषही दुसऱ्या कोणाला देता येत नाही.

देशभर आज जी धोरणे आखली जातात, त्यांत आपली जुनी वाट ओळखीची वाटते. २००७-०८ पासून केंद्राने १३९६ शासकीय आयटीआय उद्योगांच्या सहभागाने सुधारण्याची योजना राबवली. प्रत्येक संस्थेसाठी अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज आणि उद्योगातील व्यक्तीच्या अध्यक्षतेखाली व्यवस्थापन समिती, अशी तिची रचना. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनी आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घ्यायचे आहेत. सरकार, उद्योग आणि स्थानिक संस्था यांनी एकत्र बसून कामगार घडवावा, हा विचार मुंबईने १८८७ मध्येच कृतीत आणला होता.

म्हणूनच आपल्या अनुभवाचे मोल मोठे आहे. ज्या समितीत उद्योगाचा माणूस वर्षातून एकदा सही करायला येतो, तिथे काही घडत नाही. जिथे तो आपले यंत्र, आपला फोरमन आणि आपले अडलेले काम घेऊन येतो, तिथे शिक्षण जिवंत होते. आणि जिथे कामगाराची भाषा, त्याची वेळ आणि त्याचे म्हणणे धरले जात नाही, तिथे सगळे भागीदार हजर असूनही मुख्य माणूस गैरहजर असतो. आपल्या मंडळात १८८७ मध्ये जी खुर्ची ठेवायची राहून गेली, ती आता मांडायला हवी. कारखान्यात काम करणाऱ्या, आपल्याच संध्याकाळच्या वर्गात शिकलेल्या माणसाला अभ्यासक्रम ठरवताना शेजारी बसवावे. यंत्रशाळेची पाठ्यपुस्तके मराठीत यावीत. दारे रात्री उशिरापर्यंत आणि वयाची अट न घालता उघडी असावीत.

विणकराच्या गाठीची एक कसोटी असते. ताण्याचा धागा तुटला तर बांधलेली गाठ ओवीतून आणि फणीच्या दातांमधून विनाअडथळा पुढे सरकली पाहिजे. मोठी झाली तर अडते आणि धागा पुन्हा तोडते. सैल राहिली तर ताण येताच सुटते. म्हणून जाणता साचेवाला गाठ मारून झाल्यावर तिची टोके कापतो, आणि बोटाच्या टोकाने एकदा चाचपून मगच साचा चालू करतो. या संस्थेने बांधलेल्या गाठीही आपण अशाच एकदा चाचपून पाहू आणि मग कामाला लागू.